शिपाईगडी ते सेनाप्रमुख : फील्डमार्शल सर विल्यम रॉबर्टसन

सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल व्हावे आणि एकेक पायरी चढत त्याच सैन्याच्या सर्वोच्च हुद्द्यापर्यंत पोहोचावे, असे ब्रिटिश सैन्याच्या इतिहासात एकदाच घडले आहे. ज्याच्या बाबतीत ते घडले तो विल्यम रॉबर्टसन २९ जानेवारी १८६० रोजी इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील वेलबर्न नावाच्या खेड्यात जन्मला. त्याचा बाप शिवणकाम करी व त्याच्या जोडीला गावचे पोस्टही सांभाळी. आपल्या ज्ञातीतील घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कातर-सुईच्या धंद्यावरच हे कुटुंबही पोसले गेले होते, हे वाचून आपल्या वाचकांस कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. पुढे हाच मुलगा सैन्याधिकारी झाला, तेव्हा बापाची ही कातर त्याच्या कामी आली. तो प्रसंग योग्य ठिकाणी येईलच.

विल्यमचे शालेय शिक्षण गावच्या चर्चच्या शाळेत झाले. थोडा मोठा झाल्यावर तो तेथेच लहान मुलांना शिकवू लागला व त्याबद्दल त्यास आठवड्याला सहा पेन्स मिळत. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सुटली. मग गावच्या पाद्र्याच्या बागेत माळ्याच्या हाताखालचा पोरगा आणि त्यानंतर लेडी कार्डिगन या उमराव स्त्रीच्या वाड्यावर खिदमतगार, अशी त्याची चाकरी झाली. ताटे-कप उचलण्यात आयुष्य घालविण्याची इच्छा नसावी. नोव्हेंबर १८७७ मध्ये त्याने १६ व्या लान्सर्स या घोडदळाच्या पलटणीत नाव घातले. त्या वेळी त्याला अठरा वर्षे पुरी झालेली नव्हती व नियमाप्रमाणे अठरा हवी होती. भरतीच्या वेळी वयाचा हिशेब थोडा सैल धरण्याची रीत तिकडेही होती असे दिसते.

मुलगा पलटणीत गेला याचे घरी कौतुक झाले नाही, उलट आकांत झाला. त्या काळी इंग्लंडात साध्या शिपायाची पत फार हलकी होती. ज्यांना दुसरा कोणताच उद्योग नाही, दारू आणि दंगा यांत ज्यांचे दिवस जातात, तेच लाल डगला चढवितात, अशी सभ्य गरिबांची समजूत होती. तुला लाल डगल्यात पाहण्यापेक्षा तुला मूठमाती देणे मला सोपे जाईल, अशा अर्थाचे पत्र त्याच्या आईने त्यास लिहिले. आईच्या लेखणीतून असे शब्द उतरावेत यावरून त्या घरची अब्रूची कल्पना काय होती, हे ध्यानात येते. आपल्याकडेही मुलाने नाटक मंडळीत जाण्याचे नाव काढले की आयाबाया याच सुरात बोलत असत.

बराकीतील पहिले दिवस हालाचे गेले. परंतु विल्यम दारूच्या वाटेस गेला नाही. तलवारीच्या व भाल्याच्या कसरतीत त्याने बक्षिसे मिळविली आणि उरलेला वेळ तो वाचनात घालवी. युद्धांचे इतिहास त्याने बराकीत बसून वाचले. १८७९ मध्ये तो लान्स कॉर्पोरल झाला. याच सुमारास एक फजिती झाली. त्याच्या ताब्यातील एक कैदी शिपाई निसटून गेला व त्याबद्दल विल्यमला तीन आठवडे तुरुंगात डांबण्यात आले, डोक्याचे केसही उतरविण्यात आले. पुढे आयर्लंडमध्ये पुन्हा कैदी पोहोचविण्याचे काम आले, तेव्हा या गृहस्थाने कैद्यांना सबंध प्रवासभर बेड्यांतच जखडून ठेवले! कैदी पुन्हा निसटू नये, असा तो चोख बंदोबस्त होता.

१८८२ साली तो सार्जंट व १८८५ साली ट्रूप सार्जंट मेजर झाला. साध्या शिपायाची चढती कमान सामान्यतः येथेच संपे. वरचे अधिकारी उमराव व सधन घराण्यांतले असत. घोडदळात तर सर्वांत धाकट्या अधिकाऱ्यास वर्षाचा पगार सुमारे १२० पौंड मिळे आणि त्या इतमामास शोभेल असे राहावयाचे तर घरून आणखी ३०० पौंड तरी यावे लागत. शिंप्याच्या मुलाने हे कोठून आणावे? तथापि त्याच्या पलटणीतील अधिकाऱ्यांनी व गावच्या पाद्र्याने त्यास धीर दिला, तो परीक्षेस बसला आणि २७ जून १८८८ रोजी ३ ऱ्या ड्रगून गार्ड्‌स पलटणीत सेकंड लेफ्टनंट झाला. शिपायांतून अधिकारी होणारे त्या काळी वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत.

ही पलटण हिंदुस्थानात होती, हे त्याचे भाग्य. येथे पगार अधिक व खर्च कमी. तरीही काटकसर करावी लागलीच. त्याचा गणवेश बाजारातल्या नामांकित शिंप्याकडून न येता बापाच्या हातचा येई. मेजवानीच्या टेबलाशी इतर अधिकारी मद्याचे पेले भरीत असता हा पाणी पीत बसे. भोजनगृहात पाइप ओढण्यास मनाई आणि सिगार परवडत नाही, म्हणून त्याने धूम्रपानच सोडले. अशा माणसाला सोबती चिडवीत असतील, टाळीतही असतील. पण बापाने बेतलेला डगला घालून तो त्यांच्याच पंक्तीस बसला आणि कोणापुढे वाकला नाही, हे मला त्याच्या पुढील सर्व पदव्यांपेक्षा मोठे वाटते.

हिंदुस्थानातील वर्षांत त्याने ज्या गोष्टीने आपले नशीब घडविले ती म्हणजे भाषांचा अभ्यास. उर्दू, हिंदी, फारसी, पंजाबी, पुश्तू आणि गुरखाली अशा भाषा तो मुनशी ठेवून शिकला. तेरा वर्षांचा असताना शाळा सुटलेला मुलगा, तिशी उलटल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी, गोरे लोक झोपा काढीत असता, अलिफ-बे गिरवीत बसला होता. आमच्या धंद्यातील माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणताना सुख होते. भाषांमुळे १८९२ साली त्यास सिमल्यास लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यात नेमण्यात आले. वायव्य सरहद्दीचे नकाशे, घाट, टोळ्या यांची माहिती गोळा करणे हे ते काम. १८९४ साली गिलगिट, हुंझा व पार पामिरच्या पठारापर्यंत त्याने प्रवास केला. त्याच साली हिंदी सैन्यातील लेफ्टनंट कर्नल पॅलिन यांची कन्या मिल्ड्रेड हिच्याशी त्याचा विवाह झाला.

पुढल्या वर्षी चित्रळची मोहीम निघाली. टेहळणीस गेला असता त्याच्या दोघा वाटाड्यांनीच त्याच्यावर हल्ला केला. एकाने बंदूक झाडली, ती चुकली. दुसऱ्याने त्याचीच तलवार उचलून मागून वार केले. घायाळ स्थितीतही त्याने वार करणाऱ्यास ठोशाने लोळविले आणि पिस्तुलाने दोघांना पिटाळले. या कामगिरीबद्दल त्यास मानचिन्ह मिळाले. १८९७ साली कँबर्ली येथील स्टाफ कॉलेजात त्याचा प्रवेश झाला. शिपायाच्या पायरीपासून चढून तेथे शिकण्यास आलेला तो पहिलाच.

येथे थोडे थांबून, रॉबर्टसन पुढे ज्या पदावर गेला ते पद कसे निर्माण झाले हे सांगणे अवश्य आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सेनापती हा एक प्रधान होता व १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते पद हंबीरराव मोहिते यांजकडे होते. तो सेनापती स्वतः घोड्यावर बसून फौजेपुढे चाले. परंतु लाखांच्या फौजा, आगगाड्या आणि तारायंत्रे आल्यावर सर्व युद्धाचा विचार एका जागी बसून करणारा, नकाशे, रसद व मनुष्यबळ यांचा मेळ घालणारा आणि राज्यकर्त्यांस सल्ला देणारा असा वेगळाच सेनाप्रमुख लागू लागला. प्रशियाने ही योजना प्रथम पूर्णत्वास नेली व १८६६ आणि १८७०-७१ च्या युद्धांत मोल्टकेने तिचे सामर्थ्य युरोपास दाखविले. इंग्लंड मात्र जुन्याच वाटेने चालले होते. तेथे ड्यूक ऑफ केंब्रिज हा राणी व्हिक्टोरियाचा चुलतभाऊ १८५६ पासून १८९५ पर्यंत, म्हणजे एकोणचाळीस वर्षे, सैन्याचा मुख्य होता व कोणताही बदल म्हटला की त्याच्या कपाळी आठी पडे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेतकऱ्यांनी १८९९ च्या अखेरीस लागोपाठ पराभव केले तेव्हा इंग्रजांचे डोळे उघडले. लॉर्ड एशर यांच्या समितीने सुचविल्यावरून १९०४ साली सरसेनापतीचे जुने पद रद्द झाले आणि जनरल स्टाफचा प्रमुख हे नवे पद निघाले. १९०९ साली त्याच्या नावात साम्राज्याचा उल्लेख आला व ‘चीफ ऑफ द इंपीरियल जनरल स्टाफ’ अशी लांबलचक पदवी रूढ झाली. या प्रमुखाने स्वतः फौज घेऊन लढावयाचे नाही. त्याने सरकारास सल्ला द्यावयाचा व सरकारचा निर्णय रणांगणावरील सेनानींकडे हुकमाच्या रूपाने पाठवावयाचा. कागदावर हे सोपे दिसते. सल्ला सरकारने मानला नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र एशरसाहेबांच्या अहवालात लिहिलेले नव्हते.

रॉबर्टसनची मधली वर्षे भराभर वर नेणारी होती. दक्षिण आफ्रिकेत लॉर्ड रॉबर्ट्‌स यांच्या हाताखाली, मग लंडनच्या युद्धखात्यात परराष्ट्र विभागाचा प्रमुख, १९१० पासून कँबर्लीच्या स्टाफ कॉलेजचा मुख्य. तेथे तो अधिकाऱ्यांना माघार कशी घ्यावी हे फार कसोशीने शिकवी. चढाईची भाषा सर्वांना आवडे, माघारीचे नाव कोणास रुचत नसे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले व फ्रान्सला गेलेल्या ब्रिटिश फौजेला माँसपासून खरोखरच पाय मागे घ्यावा लागला. त्या वेळी रसदेचा सर्व भार क्वार्टरमास्टर जनरल या नात्याने रॉबर्टसनवर होता. फौज कोणत्या वाटेने येईल हे निश्चित नसल्याने त्याने चव्हाट्या-चव्हाट्यांवर अन्नधान्याचे ढीग टाकून ठेवले, म्हणजे येईल त्या तुकडीने उचलावे व पुढे चालावे. पुष्कळ माल वाया गेला, पण शिपाई उपाशी राहिला नाही. शिवाय बंदरे शत्रूच्या हाती पडतील हे आधीच ओळखून त्याने रसदेचा तळ दूर पश्चिमेस सेंट नाझेर येथे हलविण्याची तजवीज केली. उपाशी पोटी कवाईत केलेल्या माणसालाच हे सुचावे. जानेवारी १९१५ मध्ये तो फ्रान्समधील फौजेच्या स्टाफचा प्रमुख झाला.

लंडनमध्ये त्या वेळी सर्व सूत्रे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांच्या एकट्याच्या हाती होती. हिंदुस्थानात सरसेनापती असताना १९०५ साली लॉर्ड कर्झनसारख्या व्हाइसरॉयला ज्याने राजीनामा द्यावयास लावले, तोच हा किचनेर. स्टाफचे बहुतेक कर्ते अधिकारी फ्रान्सला निघून गेलेले, त्यामुळे सेनाप्रमुखाचे पद असून नसल्यासारखे झाले होते. डार्डानेल्सची मोहीम फसली आणि डिसेंबर १९१५ मध्ये रॉबर्टसनला ते पद देऊ करण्यात आले, तेव्हा त्याने अट घातली की, युद्धविषयक सल्ला मंत्रिमंडळास केवळ सेनाप्रमुखाकडूनच मिळावा व हुकूमही त्याच्याच सहीने निघावेत. किचनेरला हे झोंबले व तो राजीनाम्यास सिद्ध झाला. परंतु दोघे समक्ष भेटले, तडजोड झाली आणि जानेवारी १९१६ मध्ये राजाज्ञेने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब झाले. पुढे दोघांचे चांगले जमले. ५ जून १९१६ रोजी किचनेर रशियास जात असता त्याचे जहाज ऑर्कनी बेटांजवळ बुडाले व ती सोबत संपली.

नव्या प्रमुखाने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक आपल्या मुलखाशी निगडित आहे. मेसापोटेमियातील मोहीम तोवर हिंदुस्थान सरकार चालवीत होते. अपुरी रसद, अपुऱ्या होड्या, अपुरे वैद्यकीय साहाय्य अशा स्थितीत बगदादवर धाव घेण्याचा मोह झाला, ती धाव फसली आणि जनरल टाउनशेंडची ६ वी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची कित्येक घरे त्या वेढ्यात अडकली होती असेच म्हणावयास हवे. फेब्रुवारी १९१६ मध्ये रॉबर्टसनने या मोहिमेचे नियंत्रण सिमल्याकडून काढून लंडनच्या युद्धखात्याकडे घेतले. पण कुतला वाचविण्यास उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शत्रूच्या स्वाधीन झाली व त्यांतील हजारो कैदेत व वाळवंटातील पायपिटीत मेली. त्यानंतर रॉबर्टसनने घिसाडघाईस आळा घातला, आधी बोटी, रस्ते, रेल्वे व इस्पितळे यांची सिद्धता करविली, आणि ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉडच्या फौजा बगदादमध्ये शिरल्या. ही शिस्त एक वर्ष आधी असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जर्मनीचा पराभव व्हावयाचा तर तो फ्रान्सच्या भूमीवरच होईल, इतरत्र फौजा पांगवू नयेत, हे रॉबर्टसनचे ठाम मत होते. ते चुकीचे होते असे म्हणता येत नाही. पण त्या मताची किंमत भयंकर होती. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्या एकाच दिवशी ५७,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक पडले, त्यांत १९,००० हून अधिक मृत. त्याच जुलैत लॉइड जॉर्ज युद्धमंत्री झाला व डिसेंबरात पंतप्रधान. हाही गरिबीतून वर आलेला, मामाच्या घरी वाढलेला, आणि तो मामा खेड्यातला चांभार! शिंप्याचा मुलगा आणि चांभाराचा भाचा असे दोघे साम्राज्याच्या गाड्यास जुंपले गेले, पण बैलजोडी जमली नाही. लॉइड जॉर्ज वाक्पटू, कल्पक, वाटा शोधणारा. रॉबर्टसन कमी बोलणारा. वाद अंगावर आला की तो गुरगुरून गप्प बसे, आणि इंग्रजी उच्चारात ‘ह’ गाळण्याची खेड्यातली सवय त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. मंत्र्यांना तो आडमुठा वाटे, त्याला मंत्री पोरकट वाटत.

फेब्रुवारी १९१७ मध्ये पंतप्रधानाने कॅले येथील बैठकीत ब्रिटिश फौज फ्रेंच सेनापती निव्हेल याच्या हाताखाली देण्याचा घाट घातला. ज्या मंत्रिमंडळ-बैठकीत हा विषय निघाला तिला सेनाप्रमुखाला बोलाविलेलेच नव्हते. कॅलेस तो मसुदा हाती पडताच रॉबर्टसन संतापाने लाल झाला. अखेर ही व्यवस्था त्या एका चढाईपुरतीच ठरली. निव्हेलची चढाई एप्रिलात फसली, फ्रेंच पलटणींत बंडाळी माजली आणि रॉबर्टसनचे म्हणणे खरे ठरले.

परंतु त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रकरणात त्याला दोषमुक्त करणे मला जमत नाही. ३१ जुलै १९१७ पासून फील्डमार्शल हेगने फ्लँडर्सच्या चिखलात मोठी चढाई मांडली. पॅशेंडेल या नावाने ती कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबरपर्यंत मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे अडीच लाख ब्रिटिश सैनिक खर्ची पडले. या चढाईविषयी रॉबर्टसनला स्वतःला शंका होती. आपण पश्चिम आघाडीला चिकटून आहोत ते पटण्याजोग्या युक्तिवादामुळे कमी व अंतःप्रेरणेमुळे अधिक, अशी कबुली त्याने सप्टेंबरात हेगला खासगी पत्रातून दिली होती. ती शंका मंत्रिमंडळापुढे मात्र त्याने मोकळेपणी मांडली नाही. मंत्र्यांच्या हातात सापडेल असे शस्त्र सहकाऱ्याविरुद्ध द्यावयाचे नाही, ही त्याची निष्ठा. पण सल्लागाराची पहिली निष्ठा सल्ला मागणाऱ्याशी असावयास हवी. आपल्याच अटीने एकमेव सल्लागार होऊन बसलेल्या माणसाने तर गप्प राहण्याचा हक्क स्वतःहून सोडलेला असतो.

शेवट फेब्रुवारी १९१८ मध्ये आला. व्हर्साय येथे दोस्तांचे युद्धमंडळ स्थापन झाले होते व राखीव फौजेचे नियंत्रण तेथील समितीकडे द्यावयाचे ठरले. ब्रिटिश प्रतिनिधी सेनाप्रमुखाच्या आज्ञेत नसता परस्पर हुकूम देणार, ही गोष्ट रॉबर्टसनला मान्य होईना. एका फौजेला दोन धनी नकोत, हा त्याचा मुद्दा होता. पंतप्रधानाने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले : एक तर व्हर्सायला जावे, नाहीतर कमी केलेल्या अधिकारांसह आहे त्या पदावर राहावे. त्याने दोन्ही नाकारले, मात्र राजीनामाही दिला नाही. तरीसुद्धा १६ फेब्रुवारीस सरकारने त्याचा राजीनामा स्वीकारल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. ज्याच्यासाठी त्याने एवढे सोसले त्या हेगने त्याच्या बाजूने बोट उचलले नाही. त्याच्या जागी सर हेन्री विल्सन आला. मार्चअखेर जर्मनांच्या प्रचंड हल्ल्यापुढे दोस्तांना फॉश या एकाच सेनापतीची नेमणूक करावी लागली. म्हणजे आज्ञा एकाचीच असावी हे रॉबर्टसनचे तत्त्व बरोबर, पण ती ब्रिटिशांचीच असावी हा आग्रह काळापुढे टिकला नाही.

पदच्युत झाल्यावर त्याने काय केले, इकडे लक्ष द्यावे. सैन्यात त्याचा मोठा दबदबा होता व वृत्तपत्रांतही त्याचा कैवार घेणारे होते. मे महिन्यात त्याचाच पूर्वीचा सहकारी जनरल मॉरिस याने वृत्तपत्रांत पत्र लिहून सरकारवर उघड आरोप केले व पार्लमेंटात वादळ उठले. रॉबर्टसनने मात्र फळी उभारली नाही. दिलेले दुय्यम काम पत्करले, जूनमध्ये स्वदेशातील फौजांचा मुख्य झाला, व युद्ध संपल्यावर १९१९-२० मध्ये कोलोन येथील ऱ्हाइनवरील फौजेचे आधिपत्य केले. आपल्या देशातही १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा पहिले हिंदी सरसेनापती झाले, १९५५ साली ‘कमांडर-इन-चीफ’ हे नाव जाऊन ‘चीफ ऑफ द आर्मी स्टाफ’ आले, आणि बेवूर, वैद्य, नरवणे अशी मराठी नावेही पुढे त्या मालिकेत जमा झाली. मंत्रिमंडळाचा शब्द अखेरचा, हा नियम या सर्वांनी पाळला. शेजारच्या काही देशांत तो पाळला गेला नाही व तेथे काय झाले हे आपण पाहिले आहे.

२९ मार्च १९२० रोजी त्यास फील्डमार्शलचा दंड मिळाला. भरतीच्या दिवसास बेचाळीस वर्षे लोटली होती. १९२१ साली त्याने आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातच शिपाई व फील्डमार्शल हे दोन शब्द आहेत. १९२६ साली मुत्सद्दी व सैनिक यांच्या संबंधांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात लॉइड जॉर्जवर राग आहे, पण तो कागदपत्रांच्या आधारे मांडलेला आहे. १२ फेब्रुवारी १९३३ रोजी तो वारला. ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्याचे थडगे आहे. त्याचा मुलगा ब्रायन हाही सैन्यात जनरलच्या हुद्द्याला चढला व दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील ब्रिटिश विभागाचा लष्करी प्रशासक होता. त्याला मात्र शिपाई म्हणून भरती व्हावे लागले नाही, आणि त्याचे गणवेश कोणी शिवले हे कोणाला लिहून ठेवावेसे वाटले नाही.